सिंगापुरात जागा कशी धरतात

मी सिंगापूरला जाऊन आले. गावात कोणी विचारलं नाही की काकी, कसं होतं, काय बघितलंस. माझ्याशी बोलायची बंदी आहे. म्हणून जे तिकडे गेले नाहीत आणि ज्यांच्यावर बंदी नाही, त्यांना सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. सही येते, पाटी वाचता येते, पण एवढं लिहायला हात चालत नाही. दुपारची कामं आटपली की मी फोनमध्ये बोलायचे आणि लेकीला पाठवायचे. तिने उतरवून काढलं. थोडं सरळ केलंय तिने, खोटं काही घातलेलं नाही.

विमानाचं सांगत नाही. बसले, कान दुखले, उतरले.

बुकित बातोक

लेक वैजू तिथल्या युनिव्हर्सिटीत आहे. मोठी पदवी झाली, आता पुढचं संशोधन करते आणि पोरांना शिकवते. काय शिकवते, तर अमेरिकेतल्या कोर्टांचा इतिहास. मी गेल्या गेल्याच म्हटलं, "रायगडची पोर सिंगापुरात बसून अमेरिकेच्या भानगडी शिकवते. तुला पगार कोण देतं?"

"त्यांनाही कधीकधी हाच प्रश्न पडतो," ती म्हणाली.

घर बुकित बातोकला, बाराव्या मजल्यावर. बाहेर बघावं तर तशाच बिल्डिंगी, तशाच खिडक्या, आणि मधून मधून गर्द झाडी. तिथे खिडकीबाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळत घालतात. मी माझं नऊवारी पातळ वाळत घातलं, तर ते लोंबून खालच्यांच्या खिडकीवर पडदा झाला. खालच्या मलय बाईने मान बाहेर काढून वर बघितलं. मला वाटलं, आता भांडण. तिने हसत पदराचं टोक धरलं आणि मी ओढून घेईपर्यंत धरून ठेवलं. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. पण पातळ खाली पडलं नाही की मळलं नाही.

बिल्डिंगीचा तळमजला मोकळाच असतो, नुसते खांब. त्याला वॉइड डेक म्हणतात. तिथे लग्नं लागतात आणि मयतही ठेवतात. मी गेले तेव्हा एका चिनी म्हाताऱ्याचं मयत होतं. पांढरा मांडव, गोल टेबलं, टेबलांवर शेंगदाणे आणि पाण्याच्या बाटल्या, आणि भोवती माणसं बसलेली. वैजू म्हणाली, "शेजारपाजारचेही येऊन बसतात. मयताला एकटं ठेवत नाहीत."

मी वर येऊन पाणी प्यायले. इथे आमचं सांगायला लागतं, नाही तर पुढचं कळणार नाही.

वैजूचं लग्न ठरलं होतं. गावकीच्या पुढाऱ्याचा भाचा नवरा, म्हणजे ते सगळ्या गावाचंच ठरलेलं. वैजू म्हणाली, मला शिकायचंय. तिच्या बापाने साखरपुड्याचा नारळ परत केला. गावकी बसली. म्हणाले, देवळासमोर पदर पसरून माफी मागा. मी म्हटलं, पदर आहे, पण पसरायला नाही.

त्या दिवसापासून आम्ही वाळीत. दुकानातून माल नाही. गिरणीतून दळण परत. आमच्याशी जो बोलेल तोही वाळीत. मी मिठागरात मजुरीला जायचे. भरलेली मिठाची टोपली एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या बाईने हात लावावा लागतो. मला हात लावायला कोणी नव्हतं. मी अर्धी टोपली भरायचे आणि दुप्पट फेऱ्या मारायचे.

मालक, म्हणजे वैजूचा बाप, गेले तेव्हा दारात कोणी आलं नाही. तिरडीला चार खांदे लागतात. एक वैजू. दोघं मिठागरावरचे ओळखीचे, पलीकडच्या गावचे. आणि चौथा माझ्या दिराचा मुलगा, सुधाकर. तो गावाला न विचारता आला. मागाहून त्याने देवळासमोर माफी मागितली आणि गावकीत परत गेला. मी त्याला काही बोलले नाही. त्याची पोरं लहान होती.

पुढे कायदा झाला की वाळीत टाकणं हा गुन्हा. मी पोलिसात गेले. तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली, तारखा पडायला लागल्या.

सिंगापूरला पोचले आणि सुधाकरचा फोन.

"काकी, पोचलीस का? थंडी आहे का तिकडं?"

"थंडी कसली? आपल्यापेक्षा जास्त उकडतं."

मग तो मुद्द्यावर आला. "प्रांजलचं लग्न धरलंय. गावकी बोलली. तू केस मागं घेतलीस तर लग्नाच्या पंगतीत तुझं पान मांडतील, सगळ्यांच्या देखत. गोतात घेतील. नाय घेतलीस तर मांडवात गावातलं कोणी येणार नाय. काकी, रिकाम्या मांडवात उभी करू का मी पोरीला?"

प्रांजल त्याची थोरली. तिला मी लांबूनच वाढताना बघितलं. बंदी होती तरी ती परड्यातल्या कुंपणाखालून यायची आणि माझ्या मांडीवर बसून भाकरी खायची.

"कोर्टाच्या तारखेच्या आधी सांग," सुधाकर म्हणाला.

"सांगते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि वैजू ओट्याला टेकून उभी होती. तिचं युनिव्हर्सिटीत मोठं भाषण होतं. म्हणाली, "आई, तुला सांगून बघते. तुला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"म्हणजे मी सगळ्यांत ढ?"

"म्हणजे तू मध्येच उठून जात नाहीस."

तिने सांगायला घेतलं. अमेरिकेत आगगाडीत गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा. एक माणूस ठरवून गोऱ्यांच्या डब्यात बसला. ऊठ म्हटलं तर उठला नाही. त्याला पकडलं. केस सगळ्यात वरच्या कोर्टात गेली आणि तो हरला. कोर्ट म्हणालं, वेगळे असेनात का, सारखे असले म्हणजे झालं.

"होते का सारखे?"

"नव्हते."

"मग हरलेल्याचं नाव तू कशाला घेतेस?"

"तो कोर्टापर्यंत गेला म्हणून एका न्यायाधीशाला लिहावं लागलं की हे चुकीचं आहे. बाकी सगळे एका बाजूला, हा एकटा दुसऱ्या बाजूला. पण लिहिलेलं राहिलं. पन्नासच्या वर वर्षं गेली, मग त्याच कोर्टाने शाळांच्या केसमध्ये सांगितलं की पोरांना वेगळं बसवलं की ते सारखं राहतच नाही. लोक निकालाचा दिवस पाठ करतात, आई. मी त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस बघते."

"त्यात काय दिसतं?"

"माणसं दिसतात. सगळी पोरं एका शाळेत बसवा म्हणून एका गावातल्या काळ्या आईबापांनी अर्जावर सह्या केल्या. लगेच कामं गेली त्यांची. दुकानदार उधार देईना. कुळाने कसलेली जमीन मालकाने काढून घेतली. काहींनी नावं मागे घेतली."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढून बाजूला ठेवली.

"वाळीतच टाकलं की त्यांना."

"हो. तिथे त्याला असा एक शब्द नाही, एवढंच."

"ज्यांनी नावं मागे घेतली, त्यांना तुझ्या पुस्तकात वाईट लिहिलंय का?"

"त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहिलेलंच नाही."

"मग तू लिही. त्यांच्या घरातही पोरं असतील."

मी हे बोलले तेव्हा माझ्या मनात पार्वती होती. पार्वती माझी शेजारीण. गिरण तिच्या घरची. माझं दळण परत करताना ती खाली बघायची. गावात आमच्या नावाची दवंडी फिरली ती तिने ऐकली होती आणि पोलिसांना तसं सांगितलंही होतं. मग कोर्टात म्हणाली, मला आठवत नाही. गाव गिरणीवर आलं नाही तर तिचा मुलगा खाणार काय? मला तिचा राग आला नाही. पण त्या दिवसापासून मी केसमध्ये एकटी पडले.

टॅम्पिनीस

रविवारी आम्ही वैजूच्या मैत्रिणीकडे गेलो. मृणाल तिचं नाव, पुण्याची. टॅम्पिनीसला भाड्याच्या घरात राहतात. तिचा नवरा जुरोंग आयलंडला तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे पास असल्याशिवाय जाता येत नाही, कंपनीच्या बसने जायचं आणि कंपनीच्या बसने यायचं. मी म्हटलं, "म्हणजे गावकीच." तो बिचारा हसला. म्हणाला, "पण आम्हाला सुट्टी असते."

त्यांची मुलगी ईरा, आठेक वर्षांची. मराठी कळतं तिला, बोलते आपलं तिसरंच काहीतरी.

जेवायला आम्ही हॉकर सेंटरला गेलो. मोठं छप्पर, कडेने सगळ्या जातींची खाण्याची दुकानं, मध्ये जमिनीला पक्की बसवलेली टेबलं. दुपारची गर्दी. मृणाल आणि वैजू जेवण आणायला रांगेत गेल्या. मला म्हणाल्या, जागा बघून बसा. एक टेबल रिकामं दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट पडलेलं. मला वाटलं, कोणी विसरलं. आपल्याकडे कोणाचं काही राहिलं तर आपण उचलून शेजारच्या दुकानात देतो, धनी शोधत येतो. मी ते उचललं आणि जवळच्या सरबतवाल्या बाईच्या हातात दिलं, आणि येऊन बसले.

ईराने कपाळावर हात मारला. "आजी, कॅनॉट लाह! दॅट वन चोप ऑलरेडी."

"काय चोपलं?"

तिने मला हळूहळू समजावलं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली. त्याला चोप म्हणतात. कोणी ते हलवत नाही.

"कायदा आहे का तसा?"

"नो लॉ. बट एव्हरीबडी नोज."

मी बसून राहिले आणि विचार केला. कुठे लिहिलेलं नाही आणि सगळे पाळतात. आमच्या गावचं वाळीतही असंच. कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून तर पोलीस म्हणाले, आजीबाई, पुरावा कुठाय?

तेवढ्यात पाकिटाचे धनी आले, नवरा-बायको, माझ्याच वयाचे. हातात ताटं. मी उठायला लागले. म्हातारा म्हणाला, "सिट, सिट, आंटी. शेअर." आणि ते दोघं समोर बसले. मी वाट बघत होते. मला सवय आहे. मी बसले की माणसं उठतात. बसच्या थांब्यावर उठतात, दवाखान्यात उठतात. ही दोघं उठली नाहीत. म्हातारीने वाडग्यातला रस्सा फुंकला आणि प्यायली. माझं ताट आलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, गोड नव्हे, आणि वर तळलेले बारीक मासे, आपल्या सुकटीसारखे. इकान बिलिस म्हणतात. म्हातारीने माझ्या ताटाकडे बोट करून अंगठा दाखवला. मी तिच्या वाडग्याकडे बघून मान हलवली. एवढंच बोलणं. एका टेबलावर परक्या माणसांबरोबर मी शेवटची कधी जेवले होते, मला आठवेना.

निघताना ईराने आईच्या पर्समधून टिश्यूचं एक नवं पाकीट काढून मला दिलं. "आजी, यू कीप. नेक्स्ट टाइम यू चोप."

परतीला एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या वैजू म्हणाली, "आई, सुधादादाचा मलाही फोन आला होता. तू मिटव."

"परवा ओट्याशी तू वेगळं सांगत होतीस."

"ते मेलेल्या माणसांचं सांगत होते. तू जिवंत आहेस. तुझ्या कौलांवर दगड पडतात आणि मी इथे फोन हातात घेऊन बसते. मला त्या बायकांबद्दल लिहायचंय, आई. त्यांच्यातली एक आई म्हणून नकोय मला."

ती मोठ्याने बोलली नाही. वैजू चिडली की हळू बोलते, बापासारखी.

"त्या अर्जवाल्या बायकांच्या लेकीही असंच म्हणाल्या असतील," मी म्हटलं.

एक मुलगी उठली आणि मला जागा दिली. मी बसले आणि वैजूची पिशवी मांडीवर घेतली.

युनिव्हर्सिटी

भाषणाच्या हॉलमध्ये गारठा. मी पदर कानांवरून घेऊन शेवटच्या ओळीत बसले. वैजू इंग्रजीत बोलत होती. मला कळत नव्हतं, पण ती गोष्टीत कुठे पोचलीय ते मला ठाऊक होतं. हात असा पुढे केला की आगगाडीचा डबा. थांबली की अर्जवाले.

मग तिने पडद्यावर एक फोटो लावला. लांब टेबल, त्याच्यापुढे ओळीने स्टुलं, आणि त्यावर बसलेली काळी कॉलेजातली पोरं. नीट कपडे केलेली. एक जण मान वळवून मागे बघत होता. त्यांच्यासमोर टेबलावर अन्न काही नव्हतं, आणि टेबलाच्या आतल्या बाजूला एक माणूस काम करत होता.

हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. नंतर बाहेर बाकड्यावर बसून सांगितलं. ते एक दुकान होतं. काळ्या माणसांना तिथे साबण, दंतमंजन विकत घेता यायचं, पण जेवायच्या टेबलावर बसता यायचं नाही. ही पोरं बसली. वाढलं नाही तरी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जास्त आली. मग गावोगाव बसायला लागली. कुठे डोक्यावर साखर ओतली, कुठे मारलं, तुरुंगात टाकलं. पुढे कायदा झाला की हॉटेलवाल्याने माणूस बघून नाही म्हणायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि हरले.

"टेबलाच्या आतल्या बाजूला जो माणूस काम करत होता, तोही काळाच होता ना?" मी विचारलं.

वैजूने माझ्याकडे बघितलं. "हो. आत राबायला चालत होता, बाहेर बसायला नाही."

"त्याला काय वाटलं असेल? आपल्याच पोरांना वाढायचं नाही."

"नोकरी होती, आई."

"तेच म्हणते."

भाषण संपल्यावर एका चष्मेवाल्याने उठून काहीतरी विचारलं होतं. मी त्याचंही विचारलं. वैजू म्हणाली, "तो म्हणत होता, हे कोर्टाने केलं की लोकांनी केलं?"

"तू काय सांगितलंस?"

"लोक बसले म्हणून कोर्टाला बघावं लागलं. आणि कोर्टाने बघितलं म्हणून लोकांना बसून राहता आलं."

समोर झाडाखाली पोरं डबे खात होती. मी वैजूला म्हटलं, सुधाकरला फोन लाव. ती लगेच लावेना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने लावला आणि फोन माझ्या हातात देऊन स्वतः शेजारीच बसली.

"सुधाकर, मी केस मागं घेत नाय."

"काकी..."

"ऐक आधी. तू देवळासमोर सांग की काकीशी माझा संबंध नाय. मोठ्याने सांग. मला राग येणार नाय. तू खांदा दिलास, तेवढा मला जन्माला पुरतो. पण मालकांना गावाने खांदा दिला नाय, ते कोर्टात कोणीतरी लिहून घ्यायला पाहिजे. मी हरले तरी लिहिलेलं राहील."

फोन कट झाला. वैजूने माझा पदर कानावरून नीट केला आणि म्हणाली, "चल, चहा पिऊ. इथे चहात डब्यातलं गोड दूध घालतात. तुला आवडणार नाही." खरंच आवडला नाही. पण पूर्ण प्यायले.

निघायच्या आदल्या दिवशी प्रांजलचा फोन आला. बापाच्या चोरून. "आज्जी, तू लग्नाला यायचंस."

"लोक उठून गेले तर, बाळा?"

"जाऊ देत. जेवण उरेल. आपण दोघी खाऊ."

गाव

घरी आले. कौलं फुटली होती ती शाकारून घेतली. तारखेला तालुक्याला गेले आणि पिंजऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं, मिठाची टोपलीही सांगितली. समोरच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही परदेशात लेकीकडे जाऊन आलात. मग तुमचा छळ कुठला?" मी म्हटलं, "साहेब, परदेशात मला लोक शेजारी बसवून जेवले. छळ इथलाच आहे." न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं. निकाल अजून लागायचा आहे.

मग लग्न. सुधाकरने मला बोलावलं नाही आणि अडवलंही नाही. मांडव भरलेला होता. केस चालू असताना मांडव ओस ठेवायची गावकीची हिंमत झाली नाही. त्यांनी दुसरं केलं. हल्ली सगळीकडे उभ्याचं जेवण असतं, पण इथे पंगत धरलेली. मी जाऊन रांगेच्या शेवटी पत्रावळीपुढे बसले. माझ्या शेजारची पत्रावळ कोणी घेतली नाही. वाढपी आले. आमच्याच भावकीतली पोरं. भात आला, त्या रिकाम्या पत्रावळीच्या अलीकडच्यापर्यंत वाढला आणि दुसऱ्या रांगेत गेला. वरण तसंच, भाजी तशीच. त्या पोरांचा मला राग आला नाही. मला तो टेबलामागचा माणूस आठवला.

मी कमरेचं टिश्यूचं पाकीट काढलं आणि शेजारच्या रिकाम्या पत्रावळीवर ठेवलं.

पहिली पंगत उठली. मी उठले नाही. खरकटं काढलं, माझ्या पुढची कोरी पत्रावळ तशीच राहिली. दुसरी पंगत बसायला लागली. प्रांजल हळदीच्या हातांनी लांबून बघत होती. मी तिला हातानेच सांगितलं, तू तुझं कर.

पार्वती आली. रांगेत सगळीकडे जागा होती. ती माझ्या शेजारी येऊन थांबली. त्या पाकिटाकडे बघितलं.

"ही जागा कोणाची?"

इतक्या वर्षांत तिने माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"तुझी," मी म्हटलं. "धरून ठेवलीय."

ती उभी राहिली. तिचा मुलगा मांडवाच्या खांबाजवळून तिला खुणा करत होता. तिने वाकून पाकीट उचललं, माझ्या हातात दिलं, आणि पातळ सावरून मांडी घालून बसली. भात आला. पार्वतीच्या अलीकडच्यापर्यंत वाढला, आणि आम्हा दोघींना सोडून दुसऱ्या रांगेत गेला.

आता दोन पत्रावळी कोऱ्या.

"पार्वते, भूक लागलीय का?"

"लागलीय," ती म्हणाली. "पण मी बसते."